मधमाश्यांच्या आहारातील हरवलेला घटक

मधमाशी मधावर जगते, हा सर्वसाधारण समज अर्धाच खरा आहे. प्रौढ माशीला उडण्यासाठी आणि पोळ्याचे तापमान राखण्यासाठी लागणारी ऊर्जा मधातून मिळते. परंतु नव्या पिढीचे शरीर मधातून घडत नाही. त्यासाठी फुलांतील पराग लागतो. परागातील नेमका कोणता घटक नसला म्हणजे पोळ्यातील अळ्यांची वाढ खुंटते आणि तो घटक माणसाला बाहेरून पुरविता येईल काय, या प्रश्नांचा पाठपुरावा ब्रिटनमधील ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या जीवशास्त्र विभागातील प्राध्यापिका जेराल्डिन राइट यांनी अनेक वर्षे केला आहे. त्यांच्या गटाचा या विषयावरील महत्त्वाचा निबंध २० ऑगस्ट २०२५ रोजी ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. जनुकीय बदल केलेल्या यीस्टपासून तयार केलेले पूरक खाद्य दिलेल्या वसाहतींमध्ये, हे घटक नसलेल्या खाद्यावरील वसाहतींच्या तुलनेत, पंधरा पटींपर्यंत अधिक अळ्या सुदृढ कोषावस्थेपर्यंत पोहोचल्या, असा त्याचा मुख्य निष्कर्ष आहे. मधमाश्यांच्या पोषणासंबंधी सुमारे शतकभर चाललेल्या संशोधनातील एक महत्त्वाचा दुवा त्यामुळे जोडला गेला.

घटत्या वसाहती

जगातील ११५ प्रमुख अन्नपिकांपैकी ८७ पिकांना कीटक, पक्षी वा अन्य प्राण्यांकडून होणाऱ्या परागीभवनाचा कमी-अधिक लाभ होतो, असे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यात दाखवून देण्यात आले. गहू, तांदूळ, मका ही मुख्य धान्ये त्यांत मोडत नाहीत. म्हणूनच मधमाश्या नाहीशा झाल्यास मानवजात चार वर्षांत संपेल, हे आइन्स्टाइन यांच्या नावावर सांगितले जाणारे विधान शास्त्रीय कसोटीवर टिकत नाही. ते त्यांनी केल्याचा पुरावाही उपलब्ध नाही. मात्र बदाम, सफरचंद, कलिंगड, भोपळावर्गीय भाज्या, मोहरी, सूर्यफूल अशा पिकांचे उत्पादन आणि त्यांची प्रत परागसिंचकांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून आहे. माणसाच्या ताटातील जीवनसत्त्वे आणि चव यांचा बराचसा भाग येथूनच येतो.

या कीटकांच्या आरोग्याचा प्रश्न जगापुढे ठळकपणे आला तो २००६-०७ च्या हिवाळ्यात. अमेरिकेतील अनेक मधपाळांच्या पेट्यांतून कामकरी माश्या अचानक नाहीशा झाल्या. राणी, अंडी-अळ्या आणि मधाचा साठा पेटीत तसाच राहिला. परंतु बाहेर गेलेल्या माश्या परतल्या नाहीत. ‘वसाहत-ऱ्हास विकृती’ असे नाव मिळालेल्या या घटनेने संशोधनाला मोठी चालना दिली. पुढे त्या विशिष्ट प्रकारच्या घटना कमी झाल्या, तरी वसाहतींची हानी थांबली नाही. जून २०२४ ते मार्च २०२५ या काळात अमेरिकेतील व्यावसायिक मधपाळांनी सरासरी ६२ टक्के वसाहती गमावल्याचे तेथील पाहणीत आढळले. परजीवी कोळीसदृश किडे, त्यांच्यामार्फत पसरणारे विषाणू, कीटकनाशके, बदलते हवामान आणि निकृष्ट आहार अशी या हानीची अनेक कारणे सांगितली जातात. ही कारणे एकमेकांपासून सुटी नाहीत. उपाशी माशीला रोग लवकर ग्रासतो आणि रोगट माशी अन्न गोळा करण्यात कमी पडते. आहाराच्या अभ्यासाचे महत्त्व या साखळीमुळे वाढते.

मकरंद आणि पराग

मधमाश्या फुलांतून दोन प्रकारचे अन्न गोळा करतात. मकरंद हा मुख्यत्वे साखरेचा द्रव असून त्यातील पाणी उडवून माश्या त्याचा मध करतात. पराग ही फुलातील पुंबीजे वाहणारी भुकटी. प्रथिने, मेद, जीवनसत्त्वे आणि खनिजे यांचा माशीला मिळणारा जवळजवळ संपूर्ण पुरवठा परागातून होतो. मागील पायांवरील परागटोपल्यांत भरून आणलेला पराग पोळ्याच्या घरांत दाबून, मधात कालवून साठविला जातो. एका भरभराटीच्या वसाहतीला वर्षाकाठी सुमारे वीस किलो पराग लागतो, असा अंदाज केला जातो.

हा पराग अळ्यांना थेट भरविला जात नाही. तो खातात त्या कोवळ्या वयाच्या कामकरी माश्या. त्यांना दाई माश्या म्हणता येईल. परागावर पोसलेल्या या माश्यांच्या डोक्यातील ग्रंथी विकसित होतात आणि त्यांतून प्रथिनयुक्त स्राव पाझरतो. ‘रॉयल जेली’ या नावाने परिचित असलेला स्राव हाच. राणीच्या अळीला तो अखेरपर्यंत मिळतो. कामकरी माशीच्या अळीला सुरुवातीचे काही दिवस तशाच स्वरूपाचा आहार आणि नंतर मध-परागमिश्रित आहार मिळतो. अंड्यापासून कामकरी माशी बाहेर पडण्यास २१ दिवस लागतात. त्यांपैकी अळीचे सहा-एक दिवस हेच खाण्याचे दिवस. पुढील कोषावस्थेत बाहेरून काहीच मिळत नसल्याने पंख, डोळे, स्नायू, मज्जासंस्था हे सर्व त्या सहा दिवसांच्या शिदोरीतून घडवावे लागते.

परागाचा तुटवडा पडला की वसाहत कठोर निर्णय घेते. दाई माश्या अंडी आणि लहान अळ्या खाऊन टाकतात आणि त्यातील प्रथिने मोठ्या अळ्यांच्या पोषणाकडे वळवितात. तुटवडा टिकला तर अळ्यांचे संगोपनच थांबते. कामकरी माशीचे आयुष्य हंगामाच्या धावपळीत काही आठवड्यांचेच असल्यामुळे नवी पिढी न आल्यास पेटी अल्पावधीत ओस पडते.

सर्वच पराग सारख्या प्रतीचा नसतो. वनस्पतीनुसार त्यातील प्रथिनांचे प्रमाण अडीच टक्क्यांपासून साठ टक्क्यांपर्यंत बदलते. एकाच पिकाच्या विस्तीर्ण शेतात ठेवलेली वसाहत संख्येने अगणित फुलांच्या मध्ये असूनही पोषणाच्या दृष्टीने उपाशी राहू शकते. कॅलिफोर्नियातील बदामाच्या बागांसाठी दरवर्षी फेब्रुवारीच्या सुमारास अमेरिकेतील निम्म्याहून अधिक व्यावसायिक वसाहती ट्रकमधून नेल्या जातात. काही आठवडे बदामाचा बहर असतो आणि तो ओसरल्यावर त्या परिसरात दुसरे फूल मिळणे कठीण असते. ब्रिटनमधील स्थितीही फारशी वेगळी नाही. इंग्लंड आणि वेल्समधील रानफुलांनी समृद्ध अशा कुरणांपैकी सुमारे ९७ टक्के कुरणे १९३० च्या दशकापासून पुढील पन्नास वर्षांत नष्ट झाली.

शतकभराचा शोध

परागाला पर्याय शोधण्याचे प्रयत्न जुने आहेत. मिनेसोटा विद्यापीठातील मायकोला हायडॅक यांनी १९३० च्या दशकापासून सोयाबीनचे पीठ, यीस्ट, दूधभुकटी अशा पदार्थांवर माश्या पोसून पाहिल्या. डी ग्रूट या डच संशोधकाने १९५३ साली मधमाशीला अत्यावश्यक असलेली दहा अमिनो आम्ले निश्चित केली. माणसाप्रमाणेच माशीलाही ही आम्ले शरीरात तयार करता येत नाहीत. ती अन्नातूनच मिळावी लागतात. या संशोधनावर आधारित कृत्रिम खाद्ये बाजारात आली. पिठे, साखर आणि तेल यांचे हे मिश्रण वड्यांच्या स्वरूपात पेटीत ठेवले जाते. त्याने वसाहत काही काळ तगते. परंतु केवळ अशा खाद्यावर दीर्घकाळ अळ्यांचे संगोपन होत नाही, हा मधपाळांचा अनुभव होता. प्रथिने पुरेशी असूनही काहीतरी उणे राहत होते.

या उणिवेचा पहिला सुगावा अमेरिकी कृषी खात्याच्या बेल्ट्सव्हिल येथील प्रयोगशाळेत लागला. एल्टन हर्बर्ट, जेम्स स्वोबोडा आणि त्यांचे सहकारी यांनी १९८० च्या सुमारास मधमाश्यांना वेगवेगळी स्टेरॉल मिसळलेले कृत्रिम खाद्य दिले. स्टेरॉल हा मेदवर्गातील पदार्थांचा एक गट असून कोलेस्टेरॉल हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण होय. खाद्यात कोणतेही स्टेरॉल असले, तरी अळ्यांच्या शरीरात प्रामुख्याने २४-मिथिलीनकोलेस्टेरॉल हेच आढळते, असे या संशोधकांना दिसले. दाई माश्या आपल्या शरीरातील साठ्यातून निवडक स्टेरॉल काढून अळ्यांना पुरवितात, हे पुढे स्पष्ट झाले. आईने स्वतःच्या अंगावरचे बाळाला द्यावे, तसाच हा प्रकार. साठा संपला की पुरवठाही संपतो.

राइट यांचे प्रारंभीचे कार्य

जेराल्डिन राइट यांच्या संशोधनाची सुरुवात मधमाशीची स्मृती आणि चव या विषयांपासून झाली. ऑक्सफर्डला येण्यापूर्वी त्या न्यूकॅसल विद्यापीठात होत्या. तेथे त्यांनी केलेल्या एका संशोधनाने सामान्य वाचकांचेही लक्ष वेधले. कॉफी आणि लिंबूवर्गीय झाडांच्या मकरंदात अत्यल्प कॅफीन असते. प्रयोगशाळेत माश्यांना विशिष्ट गंध आणि साखरपाणी यांची सांगड शिकविण्यात आली. काही माश्यांच्या साखरपाण्यात कॅफीन होते. चोवीस तासांनंतर तोच गंध दिला असता कॅफीन घेतलेल्या माश्यांना तो आठवण्याची शक्यता तिप्पट होती. फुलझाड आपल्या मकरंदात उत्तेजक मिसळून ग्राहकाला पुन्हा येण्यास प्रवृत्त करते, असा या निष्कर्षाचा अर्थ. हा निबंध २०१३ साली ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध झाला.

माशी काय खाते आणि कशामुळे खाते, या प्रश्नाचे दुसरे टोक कीटकनाशकांपाशी पोहोचते. निकोटिनसदृश कीटकनाशकांचा अंश असलेले अन्न माश्या चवीवरून ओळखून टाळतील, असा एक युक्तिवाद त्या काळी केला जात असे. राइट आणि सहकाऱ्यांनी २०१५ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी तो खोटा ठरविला. मधमाश्या आणि भुंगमाश्या यांच्या मुखावयवांतील चवीच्या चेतापेशींना या रसायनांची जाणीवच होत नाही, असे आढळले. इतकेच नव्हे, तर इमिडाक्लोप्रिड आणि थायमेथोक्झाम या दोन कीटकनाशकांचे अंश असलेले साखरपाणी माश्यांनी साध्या साखरपाण्यापेक्षा अधिक पसंत केले. युरोपीय संघाने या वर्गातील तीन कीटकनाशकांवर २०१३ साली निर्बंध घातले होते. २०१८ साली उघड्या शेतात त्यांच्या वापरास पूर्ण बंदी केली.

याच काळात राइट यांच्या गटाने आहाराच्या समतोलाचाही अभ्यास केला. २०१४ च्या एका निबंधानुसार, नुकत्याच जन्मलेल्या कामकरी माशीला अत्यावश्यक अमिनो आम्ले आणि साखर यांचे १ : ५० असे प्रमाण मानवते, तीच माशी मोठी होऊन बाहेर अन्न गोळा करू लागली की हे प्रमाण १ : २५० वर जाते. म्हणजे वय वाढेल तशी तिची प्रथिनांची गरज घटते. अमिनो आम्लांचे प्रमाण गरजेपेक्षा वाढविले असता माश्या लवकर मेल्या. प्रथिने जितकी अधिक तितके खाद्य चांगले, ही समजूत यामुळे मोडीत निघाली. आहारात प्रमाण महत्त्वाचे आहे हे ठरल्यावर मेद आणि विशेषतः स्टेरॉल यांच्याकडे वळणे स्वाभाविक होते.

स्टेरॉलचे कोडे

स्टेरॉलवाचून प्राणिपेशीचे आवरण टिकत नाही. कीटकांमध्ये कात टाकणे आणि कोषातून प्रौढ होणे या क्रिया घडविणारी संप्रेरकेही स्टेरॉलपासूनच बनतात. माणूस आपल्या यकृतात कोलेस्टेरॉल तयार करू शकतो. कीटकांना मात्र स्टेरॉल मुळापासून तयार करता येत नाही. ते अन्नातूनच घ्यावे लागते.

वनस्पतींमध्ये कोलेस्टेरॉल सहसा फार थोडे असते. त्यांच्या स्टेरॉलच्या रेणूला शेपटीच्या बाजूला एक-दोन जादा कार्बन अणू जोडलेले असतात. पाने खाणाऱ्या बहुतेक अळ्या हे जादा कार्बन तोडून वनस्पतिजन्य स्टेरॉलचे कोलेस्टेरॉलमध्ये रूपांतर करतात. मधमाशीला ही क्रिया साधत नाही. परागात जे स्टेरॉल ज्या रूपात येईल, त्याच रूपात ते वापरणे तिला भाग पडते. परिणामी तिची गरज एखाद्या विशिष्ट किल्लीसारखी झाली आहे. सोयाबीनच्या पिठात किंवा सामान्य खाद्यतेलात स्टेरॉल असतात, पण हवी ती नसतात.

परागातील स्टेरॉलचे वैविध्य मोठे आहे. राइट यांचे सहकारी, लंडनच्या क्यू येथील शाही वनस्पती उद्यानाचे आणि ग्रिनिच विद्यापीठाचे संशोधक फिलिप स्टीव्हनसन यांच्या गटाने ब्रिटनमधील शंभराहून अधिक वनस्पतींच्या परागाचे पृथक्करण केले. परागातील स्टेरॉलचा संच वनस्पतीच्या कुळावर आणि परिसरावर अवलंबून असतो. त्या फुलावर कोणता कीटक येतो, याच्याशी त्याचा संबंध दिसत नाही, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात आढळले. याचा व्यावहारिक अर्थ गंभीर आहे. फूल माशीची गरज ओळखून पराग घडवीत नाही. निरनिराळ्या कुळांतील फुले परिसरात असतील, तरच माशीच्या शिदोरीत सर्व घटक जमा होतात.

यीस्टची योजना

माशीला कोणती स्टेरॉल हवीत, हे निश्चित करण्यासाठी ऑक्सफर्डच्या गटाने कोषावस्थेतील आणि प्रौढ माश्यांच्या ऊतींचे रासायनिक पृथक्करण केले. एकेका दाई माशीचे विच्छेदन करून आतडे वेगळे काढण्यासारखे नाजूक काम त्यात होते. आतड्यात पचत असलेल्या परागातील स्टेरॉल आणि शरीरात सामावलेली स्टेरॉल यांची गल्लत होऊ नये, म्हणून ही दक्षता आवश्यक होती. त्यातून सहा स्टेरॉल प्रमुख असल्याचे दिसून आले : २४-मिथिलीनकोलेस्टेरॉल, कॅम्पेस्टेरॉल, आयसोफ्यूकोस्टेरॉल, बीटा-सिटोस्टेरॉल, कोलेस्टेरॉल आणि डेस्मोस्टेरॉल.

यांपैकी काही पदार्थ बाजारात सहज मिळत नाहीत आणि मिळाले तरी पशुखाद्याला परवडतील अशा भावात मिळत नाहीत. परागातून ती काढावयाची, तर माशीला खाद्य देण्यासाठी माशीचेच अन्न हिरावून घेतल्यासारखे होते. यावर उपाय म्हणून संशोधकांनी ‘यारोविया लिपोलिटिका’ या यीस्टची निवड केली. हे यीस्ट पेशीत मेदाचा मोठा साठा करते. अन्न म्हणून ते सुरक्षित मानले जाते आणि मत्स्यखाद्यात त्याचा वापरही झाला आहे. यीस्टमध्ये स्वाभाविकपणे अर्गोस्टेरॉल नावाचे वेगळेच स्टेरॉल तयार होते. ‘क्रिस्पर-कॅस९’ या जनुक-संपादन तंत्राने त्याच्या रासायनिक वाटा बदलून त्याला वरील सहा स्टेरॉल तयार करावयास लावण्यात आले. डेन्मार्कच्या तंत्रविद्यापीठातील इरिना बोरोदिना यांच्या गटाचे या कामात साहाय्य होते. किण्वनपात्रात वाढविलेले हे यीस्ट वाळवून त्याची भुकटी करण्यात आली आणि ती खाद्यात मिसळण्यात आली. निबंधाच्या प्रमुख लेखिका एलिनॉर मूर या त्या वेळी ऑक्सफर्डच्या गटात काम करीत होत्या.

प्रयोग आणि निष्कर्ष

मोकळ्या रानात प्रयोग केला असता माश्यांनी बाहेरून काय खाल्ले, हे सांगता आले नसते. म्हणून वसाहती बंदिस्त काचगृहांत ठेवण्यात आल्या आणि तीन महिने त्यांना केवळ ठरविलेलेच खाद्य मिळेल, अशी व्यवस्था करण्यात आली. काही वसाहतींना सहा स्टेरॉलयुक्त यीस्टचे खाद्य आणि काहींना ती नसलेले खाद्य देण्यात आले. स्टेरॉलयुक्त खाद्यावरील वसाहतींत कोषावस्थेपर्यंत पोहोचणाऱ्या अळ्यांची संख्या पंधरा पटींपर्यंत अधिक भरली. या वसाहती तीन महिन्यांच्या अखेरीपर्यंत अळ्यांचे संगोपन करीत राहिल्या. स्टेरॉल नसलेल्या खाद्यावरील वसाहतींत नव्वद दिवसांनंतर ते थांबले. यीस्टवर वाढलेल्या अळ्यांच्या शरीरातील स्टेरॉलचा संच निसर्गात चरणाऱ्या वसाहतींतील अळ्यांशी जुळणारा होता. दाई माश्यांनी खाद्यातून हवे ते निवडून पुढच्या पिढीकडे पोहोचविल्याची ही खूण होती.

त्याच वर्षी या विषयाला दुजोरा देणारे आणखी एक संशोधन प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठ आणि बेल्जियममधील एपिक्स बायोसायन्सेस ही कंपनी यांनी परागाच्या जागी देता येईल, असे खाद्य तयार केले. वॉशिंग्टन राज्यातील ब्ल्यूबेरी व सूर्यफुलाच्या शेतांत परागीभवनासाठी ठेवलेल्या वसाहतींवर त्याची चाचणी झाली. आयसोफ्यूकोस्टेरॉल हे स्टेरॉल या खाद्यात कळीचे ठरले. ते वगळले असता वसाहतींची अवस्था खालावली. दोन स्वतंत्र गट वेगळ्या मार्गांनी एकाच निष्कर्षाकडे आले, ही बाब लक्षणीय आहे.

आहार आणि रोग

पोषणाचा संबंध केवळ अळ्यांच्या संख्येशी नाही. माशीच्या पोटात मेदपिंड नावाची ऊती असते. अन्नाचा साठा करणे, विषारी द्रव्ये निष्प्रभ करणे आणि रोगप्रतिकारक द्रव्ये निर्माण करणे ही तिची कामे. ‘व्हॅरोआ डिस्ट्रक्टर’ हा परजीवी माशीचे रक्त शोषतो, असे दीर्घकाळ मानले जात असे. मेरीलँड विद्यापीठात काम करणारे सॅम्युअल रॅम्झी आणि त्यांचे सहकारी यांनी २०१९ साली दाखवून दिले, की तो प्रामुख्याने मेदपिंडावर उपजीविका करतो. चांगल्या आहारातून माशी जो साठा करते, त्यावरच हा परजीवी घाला घालतो आणि जखमेतून विषाणूही सोडतो.

फ्रान्समधील आविन्याँ येथील संशोधकांनी २०१० साली आणखी एक बाब पुढे आणली. अनेक प्रकारच्या फुलांच्या परागावर पोसलेल्या माश्यांमध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज या विकराची क्रियाशीलता एकाच फुलाच्या परागावरील माश्यांपेक्षा अधिक होती. अळ्यांच्या अन्नाला आणि मधाला जंतुरोधक गुण देण्यात या विकराचा वाटा असतो. नुसते प्रथिनांचे प्रमाण वाढवून हा लाभ मिळाला नाही. वैविध्य हाच त्यातील निर्णायक भाग होता.

अर्थात उत्तम आहार हा औषधाला पर्याय ठरत नाही. २०२५ च्या प्रारंभी झालेल्या अमेरिकेतील हानीची तपासणी केली असता मृत वसाहतींत विषाणूंचा मोठा प्रादुर्भाव आढळला आणि ते विषाणू वाहणारे व्हॅरोआ किडे प्रचलित औषधाला दाद देईनासे झाल्याचे दिसले. पोषणाने माशीची झुंजण्याची ताकद वाढते. शत्रू मात्र शिल्लकच राहतो.

मर्यादा

राइट यांच्या गटाचा प्रयोग बंदिस्त जागेत आणि तीन महिन्यांपुरता झाला. खुल्या शेतात, वेगवेगळ्या हवामानात आणि अनेक हंगामांत वसाहतींवर या खाद्याचा काय परिणाम होतो, हे मोठ्या प्रमाणावरील चाचण्यांनंतरच ठरेल, हे संशोधकांनी स्वतःच नमूद केले. चाचण्या यशस्वी झाल्यास सुमारे दोन वर्षांत हे खाद्य मधपाळांच्या हाती येऊ शकेल, अशी अपेक्षा त्यांनी २०२५ साली व्यक्त केली होती. जनुकीय बदल केलेल्या जीवापासून बनलेले खाद्य म्हणून त्याला निरनिराळ्या देशांच्या नियमांतूनही जावे लागेल.

रानमाश्यांचा प्रश्न याहून अवघड आहे. जगात माश्यांच्या सुमारे २० हजार जाती असून पाळीव जाती त्यांत बोटावर मोजण्याइतक्याच आहेत. पेटीत राहणाऱ्या माशीला वडी देता येते. जमिनीत वा वाळक्या काडीत एकटीने घर करणाऱ्या माशीला ती कोण देणार? शिवाय प्रत्येकीची गरज वेगळी. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात अँथनी वॉडो, क्रिस्टिना ग्रोझिंजर आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली केलेल्या अभ्यासात अमेरिकेतील एका जातीच्या भुंगमाश्या प्रथिने आणि मेद यांचे ५ : १ असे प्रमाण साधण्यासाठी फुले निवडतात, असे आढळले. पाळीव माश्यांना पूरक खाद्य मिळाल्यास मर्यादित रानफुलांवरील त्यांचा ताण कमी होईल आणि रानमाश्यांच्या वाट्याला अधिक पराग येईल, असा एक अप्रत्यक्ष लाभ मात्र संशोधकांनी सुचविला आहे.

भारतीय मधमाश्या

वरील सर्व प्रयोग मुख्यत्वे ‘एपिस मेलिफेरा’ या युरोपीय मधमाशीवर झाले. भारतात ही माशी १९६० च्या दशकात पंजाबच्या बाजूने यशस्वीपणे रुजली आणि आज महाराष्ट्रातही पेट्यांतून पाळली जाते. महाराष्ट्राच्या डोंगराळ भागातील मूळची पाळीव माशी म्हणजे सातेरी. आग्या आणि फुलोरी या माश्या उघड्यावर पोळे बांधतात, तर पोया ही नांगीविरहित लहान माशी पोकळीत राहते. सातेरी ही ‘एपिस सेराना’ या आशियाई जातीची असून व्हॅरोआ गटातील किड्यांचे मूळ यजमान याच जातीत आहेत. दीर्घ सहवासामुळे ही माशी त्यांना बऱ्याच अंशी आवर घालते. परंतु विसाव्या शतकात त्यांपैकी ‘व्हॅरोआ डिस्ट्रक्टर’ने मेलिफेरावर उडी घेतली आणि जगभर उत्पात माजविला. सातेरीचेही स्वतंत्र रोग आहेत. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी थाई सॅकब्रूड विषाणूने दक्षिण भारतातील या जातीच्या वसाहतींचा मोठा संहार केला होता.

पुण्यात १९६२ साली स्थापन झालेली केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि महाबळेश्वर परिसरातील मधपाळ यांच्यामुळे या विषयाला महाराष्ट्रात परंपरा आहे. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली ‘मधाचे गाव’ म्हणून घोषित झाले. सह्याद्रीत जांभूळ, हिरडा, गेळा, कारवी यांच्या बहरात वसाहती भरतात. मुसळधार पावसाच्या महिन्यांत मात्र माश्यांना बाहेर पडणे कठीण होते आणि मधपाळ साखरेचा पाक देऊन वसाहती जगवितात. पाकातून ऊर्जा मिळते. प्रथिने वा स्टेरॉल मिळत नाहीत. पावसाळ्यापूर्वी पेटीत परागाचा साठा पुरेसा आहे की नाही, याकडे लक्ष देणे आणि मधाबरोबर परागाची घरेही कापून न नेणे, या जुन्या शिकवणीला नव्या संशोधनाने रासायनिक आधार दिला आहे.

फुलांना पर्याय नाही

यीस्टच्या खाद्यामुळे दुष्काळात, बहर नसलेल्या महिन्यांत आणि दूरच्या प्रवासात वसाहती तगविण्याचे साधन माणसाच्या हाती येण्याची शक्यता निर्माण झाली आहे. पण याच संशोधनाने निसर्गातील परागाची किंमतही दाखवून दिली. एका किडीच्या आहारातील सहा रेणू शोधण्यास आणि त्यांची नक्कल करण्यास अनेक पिढ्यांचे संशोधन, जनुकतंत्र आणि किण्वनाची यंत्रणा खर्ची पडली. शेताच्या बांधावरील, रस्त्याच्या कडेच्या आणि पडीक रानातील निरनिराळ्या कुळांची फुले तेच काम विनामूल्य करीत असतात. तणनाशकाने बांध साफ करणाऱ्या शेतकऱ्याला आणि एकाच शोभेच्या झाडाने रस्ते सजविणाऱ्या नगरपालिकेला या हिशेबाची जाणीव ठेवावी लागेल. पाळीव माशीसाठी वडी तयार होईलही. फळबागेवर येणाऱ्या उरलेल्या हजारो जातींच्या माश्यांची भिस्त मात्र त्या फुलांवरच राहणार आहे.